लिनक्स निर्दोष सुटलं

दिवाळीच्या थोडं आधी माझ्या कॉम्प्युटरने मला नापास केलं. पडद्यावर पाटी आली. सभ्य भाषेत लिहिलं होतं की विंडोजची नवी आवृत्ती या यंत्रावर चालणार नाही आणि जुनीची देखभाल आता होणार नाही. यंत्र धडधाकट होतं. रोज सकाळी सुरू व्हायचं, पेपर दाखवायचं, मुलीचे फोटो सांभाळायचं. त्याचं वय झालं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला असं कोणी तोंडावर सांगितलं की संताप येतो.

अमरावतीत आम्ही सात-आठ निवृत्त माणसं सकाळी छत्री तलावाच्या रस्त्याला फिरतो, तोच आमचा चालता कट्टा. तिथे मी हे गाऱ्हाणं मांडलं आणि पस्तावलो.

"फेकू नका भाऊ. विंडोज काढून लिनक्स टाका," एक निवृत्त अभियंता म्हणाला. "माझ्या जुन्या डबड्यात टाकलं, घोड्यासारखं पळून राहिलं."

"कोणतं टाकलं?" दुसऱ्याने विचारलं.

"मिंट."

"मिंट कायले? उबुंटू टाका."

"हट्! फेडोरा!"

पुढचा अर्धा किलोमीटर त्यांचं भांडण चाललं. वस्तू एक, नावं शंभर, आणि प्रत्येक नावाचा वेगळा पंथ. कीर्तनाला जावं आणि तिथे टाळकऱ्यांचीच जुंपावी, तसं झालं. यात भर घातली आमच्या अकाउंटंटने. तो आणि मी एकाच संस्थेत पंचवीस वर्षं होतो. मी हेडक्लार्क, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत बडेबाबू, आणि तो अकाउंटंट.

"आता तर शाळेत आलं, ऑफिसात आलं," तो म्हणाला. "बाहेरच्या देशात सरकारं तिकडं वळून राहिली. गेम खेळणारी पोट्टीसुद्धा विंडोज सोडून गेली. मी तर तेव्हाच सांगत होतो."

तो तेव्हा काय सांगत होता ते मला शब्दशः आठवतं. 'या लिनक्साले आधी गेटच्या बाहेर काढा,' असं सांगत होता.

"लिनक्स चांगलंच होतं," तो पुढे म्हणाला. "माणूस बेकार भेटला आपल्याले. तो घडीवाला! याद्या खाल्ल्या ना त्यानं! आठवते का बडेबाबू?"

सगळे हसले. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. नाडी सुटलेली नव्हती.

घरी येऊन चहा गार होईपर्यंत बसून राहिलो. वीस वर्षांत लिनक्स निर्दोष सुटलं होतं. ज्याला आम्ही शिव्या घातल्या, त्याच्या नावाने आता कट्ट्यावर वाद रंगतात. पण ज्याने ते आमच्याकडे आणलं तो माणूस अजून आरोपीच होता. आणि तो निर्दोष आहे हे जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं. तो माणूस मी. हे सगळं मी नंतर कट्ट्यावर सांगितलं. तेव्हापासून अकाउंटंट तलावाला उलट्या बाजूने फेरी मारतो. पण तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. खोटं मी लिहून ठेवलं होतं, म्हणून खरंही लिहूनच ठेवतो.

वीस वर्षांपूर्वी वऱ्हाडात कापूस पिको न पिको, याद्या भरघोस पिकत. खेड्यापाड्यांतून रोज वाईट बातमी यायची आणि त्या बातमीमागून पाहणी करणारी पथकं यायची. मुंबईची, नागपूरची, दिल्लीची. प्रत्येकाला यादी हवी असे आणि प्रत्येकाचे रकाने वेगळे. आमची संस्था गावोगाव पाहणी करून देई आणि तालुक्याच्या मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवी, त्यामुळे याद्यांचं काम आमच्या गळ्यात. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका बाईने आमच्या माणसाला विचारलं होतं, "काहो बापू, इतक्या कागदावर आमचं नाव लिवलं तुमी. त्यातला एक तरी कागद वापस आला का?" त्याने हे मला येऊन सांगितलं. मी म्हणालो, "रकाना भरला ना? मग झालं."

असा मी होतो.

संस्थेत पाच कॉम्प्युटर होते आणि पाचही कायम आजारी. पेनड्राइव्ह लावला की व्हायरस. फोल्डर उघडावं तर त्याच्या पोटात त्याच नावाचं दुसरं, त्याच्या पोटात तिसरं. विंडोज सगळीकडे असायचं तसं नकलीच. म्हणून कंत्राटावर एक तंत्रज्ञ ठेवला. तिशीचा, अकोल्याचा. त्याच्या वडिलांचं जठारपेठेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून आमच्याकडे त्याचं नाव पडलं घडीवाला. आठवडाभर अमरावतीत खोली करून राहायचा, रविवारी अकोल्याला जायचा.

त्याने पहिल्याच आठवड्यात अध्यक्षांना सांगितलं, "साहेब, एक तर असली विंडोज घ्या, नाही तर लिनक्स घ्या. फुकट हाये आन् कायदेशीर हाये."

"फुकट आन् कायदेशीर?" अध्यक्ष म्हणाले. "असं कुठी रायते का?"

त्याने परदेशातून टपालाने मोफत सीड्या मागवल्या होत्या. त्यांची पुठ्ठ्याची पाकिटं छान रंगीत होती. आमच्या लोकांनी ती चहाच्या कपाखाली ठेवायला घेतली. एका मशीनवर लिनक्स चढलं, मग दुसऱ्यावर, आणि कुरकुर सुरू झाली. बटण डावीकडं काहून गेलं? पत्त्यांचा खेळ कुठी गेला? घड्याळ वर काहून, खाली काहून नाही? प्रिंटर तर खरंच रुसला होता. चार दिवस त्याने एक कागद काढला नाही. घडीवाला त्याच्यापुढे उकिडवा बसून राहायचा आणि विचारलं की म्हणायचा, "याचं अजून जमलं नाही. जमलं का सांगतो." आमच्या ऑफिसात 'जमलं नाही' म्हणणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्याची एक पद्धत होती. प्रत्येक मशीनवर समोरच 'काय केलं' नावाची फाइल ठेवायचा. आज हे बदललं, हे काढलं, हे राहिलं, अशा चार ओळी. मी विचारलं, हे कशाला? तर त्याने माझं मनगटी घड्याळ मागितलं, मागचं झाकण उघडलं आणि भिंग माझ्या डोळ्याला लावलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरल्यासारखी बारीक अक्षरं होती, तीन वेगवेगळ्या हातांची.

"जो घडी उघडते तो आत लिवते," तो म्हणाला. "कवा उघडली, काय केलं. घडीच्या मालकाले दिसत नाही. पुढच्या कारागिराले दिसते. अब्बा म्हन्तात, लिवल्याशिवाय झाकण लावाचं नाही."

वीस वर्षं ते घड्याळ माझ्या हातावर होतं आणि मला ते ठाऊक नव्हतं.

माझं आणि त्याचं एकाच गोष्टीवरून बिनसलं. मी मराठी टायपिंगची परीक्षा यंत्रावर दिलेला माणूस. कॉम्प्युटर आल्यावर मी तेच बोटांचं वळण चालेल असा जुना फॉन्ट घेतला होता आणि सगळ्या याद्या त्यातच होत्या. तो म्हणाला, "बडेबाबू, हे मराठी नाही. आतून इंग्रजीच हाये, वरून मराठीची टोपी घातली. उद्या टोपी उडाली का इंग्रजीच दिसन. नवीन पद्धत शिका, आठ दिवसांचं काम हाये."

मी चिडलो. म्हणालो, "तुझ्या जन्माच्या आधीपासून टाइप करतो मी. मला मराठी शिकवू नको." तो हसला आणि गेला. फॉन्टची सीडी माझ्या लोखंडी कपाटात होती आणि कपाटाची चावी माझ्या खिशात. ती कोणाला द्यायची नाही, हा माझा रिवाज. रिवाज कसला, मस्ती.

कार्तिकात एक पथक यायचं ठरलं. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या कोणत्या गावची किती मुलं शाळा सोडून घरी बसली आहेत, याची यादी त्यांना हवी होती. त्यावरून वसतिगृहाच्या जागा ठरणार होत्या. तेवीस गावं होती. बारा गावं टाइप झाली. उरलेल्या अकरा गावांचे फॉर्म गठ्ठा बांधून मी कपाटात टाकले आणि अध्यक्षांना सांगितलं, यादी तयार आहे. मला वाटलं, परत येऊन एका दिवसात उरकीन. बायकोचा कौंडण्यपूरच्या जत्रेचा नवस होता आणि मला खरं तर रकान्यांचा वीट आला होता.

निघायच्या दिवशीच माझ्या मशीनमध्ये व्हायरस शिरला. मी पिशवी उचलत घडीवाल्याला म्हणालो, "यावरही टाकून दे तुझं लिनक्स. मी आलो की बघतो." यादी आत होती. तो म्हणाला, यादी आधी बाजूला काढून ठेवतो. मी रिक्षात बसलो. चावी खिशात होती.

पथक दोन दिवस आधी येणार असल्याचा निरोप मला जत्रेत मिळाला. परतलो तो सरळ ऑफिसात, सकाळी दहाला. घडीवाला नव्हता. अकोल्याला वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तो दवाखान्यात होता आणि त्याचा फोन बंद. मशीन लावलं. समोर 'काय केलं' होतं, स्वच्छ मराठीत. त्यातलं मला पाठ आहे.

'यादी जशीच्या तशी आहे. जुन्या टायपिंगचा फॉन्ट बडेबाबूंच्या कपाटात सीडीवर आहे. कपाट बंद आहे. फॉन्ट टाकला की अक्षरं दिसतील. तोपर्यंत इंग्रजी दिसेल, घाबरू नये.'

मी यादी उघडली. पडदाभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. डोक्यावर जिल्ह्याचं नाव असायचं तिथे होतं: व्ही, ई, जे, के, ओ, आर, एच. मी ते बघत होतो आणि टेबलावर माझी बोटं आपोआप हलली. अमरावती. सात कळा. माझ्या बोटांना ते वाचता येत होतं! यादी जिवंत होती. कपाट उघडून सीडी घातली असती तर दहा मिनिटांत सगळं मराठी झालं असतं.

आणि बाराव्या गावाशी संपलं असतं.

खाली अध्यक्षांच्या गाडीचं दार वाजलं. मी 'काय केलं' ही फाइल पुसली. कचऱ्याच्या टोपलीत गेली, तिथूनही पुसली. एवढं लिनक्स मला येत होतं.

अध्यक्षांनी पडदा पाहिला. "हे काय इंग्रजी झोडलं बे?"

"साहेब, लिनक्सनं खाल्लं," अकाउंटंट मागून म्हणाला.

"बडेबाबू, यादी पूर्ण होती ना?"

"होती, साहेब," मी म्हणालो.

कपाटाबद्दल कोणी विचारलं नाही. पथक आलं, त्यांनी आलूबोंडा खाल्ला, चहा घेतला, आणि शेजारच्या तालुक्याची यादी तयार होती ती घेऊन गेले. ते गेल्यावर अध्यक्षांनी टिपणी मागितली. नोंदवहीत मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'संगणक प्रणालीतील बदलामुळे यादी नष्ट. संबंधित तंत्रज्ञ जबाबदार.' खाली सही.

दुसऱ्या दिवशी तो आला. डोळ्यांखाली काळं, हातात दवाखान्याची पिशवी. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या टेबलाशी आला.

"बडेबाबू, नोट नाही वाचली का?"

"कसली नोट?"

त्याने मशीन बघितलं. फाइल तिथे नव्हती. मग माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागच्या कपाटाकडे. मला वाटलं आता हा म्हणेल, कपाट उघडा. तो म्हणाला, "असं होय." आणि गेला. त्याने तेव्हा भांडण केलं असतं तर कदाचित मी सुटलो असतो. त्याचा मला कित्येक वर्षं रागच येत होता. भांडला काहून नाही म्हणून!

पुढचं जास्त लाजिरवाणं आहे. महिन्याभरात मी कपाटातले फॉर्म काढून तेवीस गावांची यादी टाइप केली आणि 'नव्याने तयार केली' म्हणून दिली. अध्यक्षांनी सभेत माझ्या मेहनतीचं कौतुक केलं. शाल दिली, नारळ दिला. नारळ बायकोने फोडला. मी खोबरं खाल्लं नाही, एवढीच माझी मर्दुमकी. वसतिगृहाच्या जागा तोवर वाटून झाल्या होत्या. त्या तालुक्यातल्या मुलांचं एक वर्ष गेलं. कोणाचं वर्षच गेलं, कोणाची शाळाच गेली असेल.

घडीवाल्याचं नाव तेवढ्यात गावभर झालं. अमरावतीत कॉम्प्युटरवाले मोजके, ऑफिसं एकमेकांना ओळखणारी. कुठे कामाला गेला की म्हणायचे, 'याद्या खाणारा तो हाच का?' एका कॉलेजात त्याचं ठरलं होतं, ते मोडलं. तो अकोल्याला बापाच्या दुकानात परत गेला. आमच्याकडे नकली विंडोज परत आलं, पत्त्यांचा खेळ परत आला, आणि तीन वर्षांनी व्हायरसने खरोखरच सगळ्या याद्या खाल्ल्या. तेव्हा कोणावर टिपणी लिहिली गेली नाही. व्हायरसचा बाप कोणाला ठाऊक नसतो.

मी ती अर्धी यादी सीडीवर घेऊन ठेवली होती. का, ते सांगता येत नाही. निवृत्त झाल्यावर घरच्या कॉम्प्युटरमध्ये उतरवली आणि पुन्हा कधी उघडली नाही.

कट्ट्यावरच्या त्या हशानंतर मी आधी संस्थेत गेलो. म्हटलं, ती नोंदवही काढा, त्या टिपणीखाली मला दुरुस्ती लिहायची आहे. खुर्चीवर नवा बाबू होता. म्हणाला, "काका, त्या वर्षाच्या वह्या रद्दीत गेल्या."

"मग माझी टिपणी?"

"गेली ना. टेन्शन काहून घेता?"

हसावं की रडावं कळेना. कागदावरची टिपणी रद्दीत गेली आणि लोकांच्या तोंडातली तेवढी शिल्लक राहिली!

मुलगी अकोल्याला जठारपेठेत राहते. भाऊबीजेला आली आणि जाताना माझा कॉम्प्युटर गाडीत घालून घेऊन गेली. दोन दिवसांनी तिचा फोन. "बाबा, तुमचा डबा दुकानात टाकला. घडीवाले आहेत ना आमच्या कोपऱ्यावर, जुन्या मशीनमध्ये लिनक्स घालून देतात. आता तर रांग लागते त्यांच्याकडे. तुम्ही या आणि समजून घ्या."

त्या कोपऱ्यावरून मी वीस वर्षं रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जात होतो. मुलीला कारण ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, मला सावली आवडते.

दुकान दोन भागांत आहे. डावीकडे काचेच्या पेटीमागे म्हातारा, डोळ्याला भिंग, समोर उघडी घड्याळं. उजवीकडे उघडे कॉम्प्युटर आणि मुलगा. मुलगा म्हणजे आता पन्नाशीचा, दाढी पांढरी. तो एका निवृत्त तलाठ्याला समजावत होता.

"प्रिंटर चालते. इंटरनेट चालते. मराठी चालते. स्कॅनर एक दिवस चालते, एक दिवस नाही. सही करायचं ते यंत्र लावता ना तुमी, त्याचं मी सांगत नाही, कधी ओळखते कधी नाही. जे चालत नाही ते पयले सांगून राहिलो. मंग नंतर माह्या नावानं बोंबलू नका."

"मग लिनक्स घ्याचं काहून?" तलाठी वैतागला होता.

"नका घेऊ. तिकडं भंगारवाला हाये समोर."

तलाठी बसून राहिला. मग त्या माणसाची नजर माझ्यावर आली. मला वाटलं होतं, ओळखायला वेळ लागेल.

"या, बडेबाबू," तो म्हणाला. "तुमचं झालं."

त्याने माझं मशीन लावलं. मी नवशिक्यासारखी कटकट सुरू केली. हे चिन्ह इथे का, ते खाली का, हा हिरवा रंग कोणी मागितला होता. तो शांतपणे एकेक दाखवत होता. मग माझ्या लक्षात आलं, समोरच 'काय केलं' नावाची फाइल होती. मी उघडली.

'जुनं सगळं आधी काढून ठेवलं. मग लिनक्स टाकलं. प्रिंटर चालतो. स्कॅनर नाही, इलाज सापडला नाही. टायपिंगच्या जुन्या वळणाचा कीबोर्ड बसवला. जुना फॉन्ट बसवला. नांदगाव यादी नावाची फाइल आहे. उघडली नाही.'

शेवटची ओळ मी दोनदा वाचली.

"उघडली का नाही?" मी विचारलं.

"तुमची वस्तू हाये. दुरुस्तीले नवती देल्ली."

मी ती यादी त्याच्यासमोर उघडली. फॉन्ट होता, त्यामुळे सगळं मराठी दिसलं. अमरावती, नांदगाव खंडेश्वर, गाव एक, गाव दोन. मी खाली खाली नेत गेलो आणि बाराव्या गावाशी कागद पांढरा झाला. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकून पाहत होता.

"इथंच संपते?" तो म्हणाला.

"इथंच संपत होती. उरलेली अकरा कपाटात होती. आणि तुझी नोट मी वाचली होती."

त्याने खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला. मग म्हणाला, "मले नका सांगू. मले ठाऊक होतं, येवढं नवतं ठाऊक, पन होतं. तिकडं सांगा." आणि त्याने वडिलांकडे बोट केलं. "डोळ्याची पट्टी निघाली नवती तवा लोकं दुकानात येऊन त्यायले सांगून गेले, तुमच्या पोरानं बिघडवून देल्लं. साठ वर्ष कोनाची घडी बिघडवून वापस नाही देल्ली त्या मानसानं."

मी पेटीसमोर गेलो. म्हाताऱ्याने भिंग काढलं.

"अब्बा, हे अमरावतीचे बडेबाबू!" मुलगा ओरडला. "यादीवाले!"

"कोन?"

"यादी तुमच्या मुलाने घालवली नव्हती," मी म्हणालो.

"का म्हन्ता?"

रस्त्यावरून ऑटो जात होते. मी आवाज चढवला. "यादी! गेली! नव्हती!"

"चाचा, हे म्हन्तात यादी हरवली नवती!" तलाठी मदतीला धावला. सगळ्या दुकानाने माना वळवल्या.

"मंग होती कुठी?"

"मशीनमध्येच! आणि अर्धीच होती! बाकी माझ्या कपाटात!"

"आन् चावी?"

"माझ्या खिशात!"

"तुमी कुठी होते?"

"कौंडण्यपूरला! जत्रेत!"

हे तलाठ्याने पुढे सांगितलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हाताऱ्याला मात्र ऐकू गेलं होतं.

"यानं लिवून नवतं ठेवलं? आमच्या घरात लिवल्याशिवाय झाकण लावत नाही."

"लिहिलं होतं. मी पुसलं."

"का म्हन्ता?"

"मी पुसलं!" मी ओरडलो. म्हाताऱ्याला ते पहिल्या वेळीच ऐकू गेलं होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याने हातातला चिमटा खाली ठेवला, चष्मा पुसला आणि मुलाला म्हणाला, "यायले खुर्ची दे. पुसलं त्यायनं, तर लिवतीन बी तेच."

मी माझ्याच मशीनपुढे बसलो. 'काय केलं' उघडी होती. 'उघडली नाही' या ओळीखाली कर्सर लुकलुकत होता. जुन्या वळणाच्या कळा बोटांखाली आल्या आणि बोटं चालू लागली, अडखळत, पण चालू लागली. मी लिहिलं: 'यादी नष्ट झाली नव्हती. तंत्रज्ञाने केलेलं काम बरोबर होतं आणि त्याने तशी नोंद ठेवली होती. ती नोंद मी पुसली. यादी मी अपूर्ण ठेवली होती, ते लपवायला. माझी टिपणी खोटी होती.' खाली माझं नाव.

मुलाने ते वडिलांना वाचून दाखवलं, मोठ्याने, सावकाश. म्हाताऱ्याने मान हलवली आणि विचारलं, "तारीख?"

मी आजची टाकू लागलो.

"आजची नाही," म्हातारा म्हणाला. "पुसलं त्या दिवसाची."

मला आठवेना. कार्तिक आठवत होता, जत्रा आठवत होती, आलूबोंडेही आठवत होते. त्या दिवसाच्या टिपणीखाली मी माझ्या हाताने सही केली होती आणि तारीख आठवत नव्हती. मी मान वर केली.

घडीवाला तलाठ्याच्या मशीनचे स्क्रू काढत होता. काम न थांबवता त्याने तारीख सांगितली. वारासकट.

मी ती टाइप केली.